पात्यासमोरचं कुंकू

पाठीमागच्या बाल्कनीत ते पातं फिरायला लागलं की मी स्वयंपाकघरात उभी राहून बोटं मोजायचे. माझी नव्हे, ह्यांची. तीही मनातल्या मनात, कारण मोठ्याने मोजली असती तर आमच्या ह्यांनी मशीन बंद करून मला एक व्याख्यान दिलं असतं आणि पुन्हा मशीन सुरू केलं असतं. भाजी चिरताना, कुकरच्या शिट्टीकडे कान ठेवताना, दूधवाल्याला दार उघडताना माझं ते मोजणं चालूच असायचं. आवाज थांबला की मी श्वास सोडायचे आणि हाक मारायचे, ‘चहा टाकू का?’ मला चहा टाकायचा नसायचा. उत्तर कोणत्या आवाजात येतंय ते ऐकायचं असायचं.

मुलुंड पूर्वेला आमची तळमजल्याची जागा आहे. तळमजल्याचे तोटे पुष्कळ. उंदीर, डास आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खिडकीतून घरात नजर. फायदा एकच. मागची बाल्कनी मोठी आहे आणि तिच्याखाली झोप मोडायला कुणी राहत नाही. हे आयुष्यभर एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर बसले. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, सकाळी बागेत हसायला जातात. ह्यांनी मशीन आणलं.

मशीनचं कारण मात्र खरं होतं, तेवढं कबूल केलं पाहिजे. आमच्या सोसायटीच्या फाटकावर दिवाळीत जो मोठा आकाशकंदील लागतो, तो ही इमारत उभी राहिल्यापासून ह्यांच्या हातचा. बांबू चिरून त्याच्या कामट्या काढायच्या, त्यांचा माणसाएवढा सांगाडा बांधायचा आणि त्यावर कागद चढवायचा. बाजारात प्लास्टिकचे चकचकीत कंदील आले, ते पाहून नाकं मुरडायची आणि पुन्हा बांबू आणायचा. पण मागच्या वर्षी बांबू चिरताना कोयता हातातून दोनदा निसटला. एकदा तर फरशीवर पडून थेट माझ्या पायाशी आला. ‘मूठ घामेजली होती,’ हे म्हणाले. मूठ कोरडी होती, मी पाहिली होती. त्या वर्षीचा कंदील कसाबसा उभा राहिला, आणि हे गप्प झाले. मग फोनवर कुठल्या कुठल्या लोकांचे सुतारकामाचे व्हिडिओ पाहणं सुरू झालं, आणि एक दिवस टेंपो दारात आला.

गोवंडीला कुणाचं तरी लाकडी खोक्यांचं वर्कशॉप बंद झालं होतं, तिथून हे मशीन आणलं. त्याला बँड सॉ म्हणतात. वर एक चाक, खाली एक चाक आणि त्या दोघांवर ताणून बसवलेली दातेरी पट्टी. चाकं फिरली की ती पट्टी वरून खाली एका लोखंडी टेबलातून सतत धावत राहते. लाकूड तिच्यात सारायचं आणि कापून घ्यायचं. बंद असताना ती पट्टी दिसते अगदी साधी, फितीसारखी. चालू झाल्यावर तिचे दाते दिसेनासे होतात आणि उरते फक्त एक उभी चकाकती रेघ. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती ह्याचीच. जे दिसतच नाही त्यापासून माणूस बोट किती लांब ठेवणार?

मशीन विकणाऱ्याने दारात उभं राहून सांगितलं, ‘काका, लाकूड टेकवायचं याचं गाईड हरवलंय. आमचा माणूस हातानेच चालवायचा. आणि पात्यावरचं हे झाकण गंजलंय, ते खाली येत नाही.’

ह्यांच्या कानात शिरलं ते एवढंच, की गाईड नाही, म्हणजे आपल्याला ते बनवायला मिळणार. माझ्या कानात शिरलं, हातानेच चालवायचं.

‘ही आरी सगळ्यात सुरक्षित, माहीत आहे?’ रात्री जेवताना हे मला समजावू लागले. ‘गोल पात्याची आरी लाकूड मागे फेकते. ही फेकत नाही. ही लाकूड खाली टेबलावर दाबते.’

‘मग बोटसुद्धा खालीच दाबेल ना,’ मी म्हटलं.

‘तुला काही सांगण्यात अर्थच नाही!’

पुण्याहून लेकीचा फोन आला. तिला मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ‘आई, तू बाबाला ते वापरू कसं देतेस? विकून टाका ना ते!’ जणू काही मी रोज सकाळी आरती ओवाळून ह्यांना बाल्कनीत धाडत होते. मी तिला म्हटलं, तूच सांग तुझ्या बाबाला. तिने सांगितलं. अर्धा तास सांगितलं. शेवटी बाबाने तिला व्हिडिओ कॉलवर मशीन दाखवलं, आणि ती म्हणाली, ‘बाबा, झकास आहे रे!’ अशी ही माझी माणसं.

पण माझ्या भीतीला मशीनपेक्षाही जुनं एक कारण होतं, आणि ते मी लेकीलाही सांगितलं नव्हतं. ह्यांना साखरेचा आजार बऱ्याच वर्षांचा आहे. त्यापायी तळपाय बधिर होत चाललेत. डॉक्टरांनी बजावलंय, पायाला काही टोचलं, कापलं तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून रोज आरशात तळवे बघत जा. ते हे अगदी इमानाने करतात. संध्याकाळी पलंगावर बसून, खाली आरसा धरून, एकेक तळवा तपासतात. डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं होतं. हातांना असं काही वाटायला लागलं तर लगेच या. त्यावर हे हसून म्हणाले होते, ‘हात उत्तम आहेत.’

मशीन यायच्या थोडं आधीची गोष्ट. मी स्टीलच्या पेल्यात उकळता चहा गाळला आणि ह्यांच्या पुढे ठेवला. पेला इतका तापला होता की मी पदराने धरून आणला होता. ह्यांनी तो सरळ हातात उचलला आणि वर्तमानपत्र वाचत बसले. मी बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या बोटांवर फोड. ‘काहीतरी लागलं असेल कुठेतरी,’ हे म्हणाले. मी म्हटलं, काल चहाचा पेला. तर म्हणाले, ‘छे, तो कोमट होता.’

तो कोमट नव्हता. ते मला माहीत होतं, आणि मला वाटतं ह्यांनाही माहीत होतं. पण त्या दिवसापासून घरात हातांविषयी बोलणं बंद झालं. मी विषय काढला की हे उठून जायचे. मग मीही काढेनाशी झाले. घाबरट माणसाला गप्प बसायला निमित्तच हवं असतं, आणि मी पहिल्या प्रतीची घाबरट आहे. झुरळाला घाबरते, लिफ्टला घाबरते, बँकेतून आलेल्या फोनला घाबरते. पण ह्या सगळ्या भीती खुसखुशीत असतात, चारचौघांत सांगून हसता येतं. ही भीती सांगता येत नव्हती.

म्हणून गाईड बनवायचं ठरलं तेव्हा मी चक्क मदतीला उभी राहिले. हे त्याला फेन्स म्हणायचे, मी कुंपण म्हणायला लागले आणि तोच शब्द घरात रूढ झाला. कल्पना साधी. पात्याच्या बाजूला एक सरळ, उंच पट्टी घट्ट बसवायची. लाकूड त्या पट्टीला टेकवून पुढे सरकवत न्यायचं. मग लाकूड इकडेतिकडे हलणार नाही आणि सगळ्या कामट्या एकाच रुंदीच्या निघतील. ह्यांना कुंपण हवं होतं कामट्या सरळ निघाव्यात म्हणून. मला हवं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. मला वाटलं, कुंपण लाकडाला धरेल, मग हाताला फारसं काही करावं लागणार नाही. हात लांब राहील. शेताला कुंपण असलं की गुरं आत येत नाहीत, एवढाच माझा हिशेब होता.

माळ्यावर जुन्या सरकत्या खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट पडून होती. तिची लांब बाजू कापून कुंपणाचा कणा झाला. तिला समोरून प्लायची पट्टी स्क्रूने जोडली. प्लाय होता आमच्या जुन्या ओट्याखालच्या कपाटाच्या दाराचा, एका अंगाला पांढरा सनमायका असलेला. ‘लाकूड यावरून लोण्यासारखं सरकेल,’ हे म्हणाले. टेबलाला कुंपण आवळायला नाहूरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन शिकंजे आणले. ते आणायला मी बरोबर गेले होते, आणि दुकानदाराला विचारलं होतं की हे निसटत तर नाहीत ना. तो म्हणाला, ‘ताई, यात तुम्ही अडकलात तर तुम्हीही निसटणार नाही.’ मला तेवढ्याने बरं वाटलं.

ड्रॉइंगवाल्या माणसाचं काम बघणं म्हणजे माझ्यासारखीची परीक्षा. काटकोन बघायला गुण्या लावायचा, उजेड धरून फट बघायची, अर्धा मिलिमीटर चुकलं म्हणून पुन्हा स्क्रू काढायचे. स्क्रू दोनदा हातातून पडले. वाकून शोधले मी. तिसऱ्यांदा पडायच्या आधीच मी म्हटलं, ‘द्या, मी धरते.’ ह्यांनी दिले. एरवी दिले नसते.

कुंपण तयार झालं तेव्हा मला वाटलं आता ते टेबलाच्या कडेला समांतर बसवायचं आणि झालं. पण नाही. ‘प्रत्येक पात्याचा एक कल असतो,’ हे म्हणाले. ‘ते आपल्या मनाने थोडं एका बाजूला ओढतं. आपण कुंपण सरळ लावलं आणि पातं तिरकं चाललं, तर लाकूड मध्येच अडकतं. मग माणूस जोर लावतो, आणि तिथे घात होतो. म्हणून आधी पात्याला विचारायचं, बाबा तू कसा चालतोस, आणि कुंपण त्याच्या कलाने लावायचं.’

पात्याला विचारायचं म्हणजे काय, तर एका फळीवर पेन्सिलीने सरळ रेघ मारायची आणि कुंपणाशिवाय, नुसत्या हाताने त्या रेघेवर कापत जायचं. अर्ध्यावर पोचलं की फळी तशीच धरून मशीन बंद करायचं. ज्या कोनात फळी उभी राहिली तो पात्याचा कल. जी गोष्ट होऊ नये म्हणून कुंपण करायचं, तीच कुंपण बसवायसाठी आधी करायची?

‘नका करू,’ मी म्हटलं. ‘राहू दे थोडं तिरकं. कंदिलाला कोण बघतंय कोन?’

‘मी बघतो,’ हे म्हणाले.

मशीन सुरू झालं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ह्यांचे दोन्ही हात फळीवर पसरलेले, मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. फळी पात्यात शिरली आणि आवाज बदलला. आधी नुसता वाऱ्यासारखा होता, तो जाड झाला. लाकडाचा भुसा टेबलावरून माझ्या पायांवर येऊन पडत होता. मी त्या हातांकडे बघत होते. ते थरथरत नव्हते. थरथरले असते तर मी ओरडले असते. ते अगदी शांत होते, फळीवर ठेवलेल्या दोन वस्तू असाव्यात तसे. अर्ध्यावर मशीन थांबलं. ‘धर,’ हे म्हणाले, आणि मी फळी धरली, आणि ह्यांनी त्या तिरक्या फळीच्या कडेने कुंपण लावून शिकंजे आवळले. कुंपण टेबलावर डोळ्याला खटकेल इतकं वाकडं बसलं होतं. पण त्याला लावून दुसरी फळी सारली तर ती गुमान सरळ कापली गेली. ह्यांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. मीही हसले. खरं सांगते, त्या संध्याकाळी मी भीतीतून सुटले असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजायची आणि त्यांना सुट्टी द्यायची. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून विळी, कात्री, पाटा-वरवंटा आणि ह्यांची ड्रॉइंगची पेटी पुजली जाते. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. भाजी मी आदल्या दिवशीच चिरून ठेवते. यंदा त्या रांगेत बँड सॉही आलं. ते जागचं हलण्यातलं नव्हतं, म्हणून मीच तबक घेऊन बाल्कनीत गेले. सनमायक्यावर आणि लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून ते थोड्या तेलात कालवलं होतं. मोटारीला हळद वाहिली, बटणाला वाहिली, झाकणाला झेंडूचं फूल लावलं. मग पात्याची वेळ आली. खरी पूजा त्याचीच करायची. पण त्या दात्यांना बोट लावायला माझा हात धजेना. मशीनची पिन काढलेली होती, मीच काढली होती, तरीही धजेना. शेवटी मी पात्याच्या बरोब्बर समोर, कुंपणाच्या पांढऱ्या अंगावर, कुंकवाचा एक ठसठशीत टिळा लावला. फळी खालून जाते, टिळा तिच्या वर राहतो, म्हणजे पुसलाही जाणार नाही, असा विचार केला. आणि हात जोडून त्या मशीनला म्हटलं, माझ्या माणसाला सांभाळ. यंत्राशी बोलणारी बाई म्हणून कुणी हसेल. हसू दे.

दसऱ्याचा दिवस कसा शांत गेला! मी दुपारी झोपले. मशीन आल्यापासून पहिल्यांदा झोपले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हे बाल्कनीत शिरले. सोसायटीच्या ग्रुपवर ‘काका, कंदील कधी?’ सुरू झालं होतं. यंदा बांबूऐवजी पाइनच्या फळ्या होत्या, त्यांच्या कामट्या काढायच्या. सांगाड्याच्या मुख्य कामट्या अंगठ्याएवढ्या रुंद, म्हणजे पातं आणि कुंपण यांच्यात अंतरही तेवढंच. मला बाल्कनीत यायला मनाई होती. मी उभी राहिले की ह्यांचं लक्ष जातं म्हणे. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि मोजत होते. आवाज जाड व्हायचा, पातळ व्हायचा, पुन्हा जाड व्हायचा. बराच वेळ असं चाललं. मग थांबला.

मी हाक मारायच्या आधीच हे दारात आले. दोन्ही हातांत कामट्यांची जुडी, केसांत भुसा, चेहरा लहान मुलासारखा. ‘बघ! बघ, एका मापाच्या आहेत की नाही!’

मी कामट्या पाहिल्याच नाहीत. ह्यांचा उजवा अंगठा लाल होता. नखाच्या कडेपासून खालच्या पेरापर्यंत, पूर्ण लाल.

लाटणं हातातून कधी पडलं ते आठवत नाही. मी ह्यांचं मनगट धरून नळाखाली ओढलं. कामट्या खाली विखुरल्या. ‘अगं, काय झालं? काय झालं?’ हे विचारत होते. पाणी लाल झालं, मग गुलाबी, आणि मी तो अंगठा चोळत, चाचपत, जखम शोधत होते. जखम नव्हती. कातडी सगळी शाबूत. नख शाबूत. पाणी अंगठ्यावरून थेंबाथेंबाने निसटत होतं, तेलावरून निसटावं तसं.

‘कुंकू आहे ते,’ हे म्हणाले आणि हसायला लागले. ‘तुझंच कालचं! केवढी घाबरतेस तू!’

मीही हसले. तिथेच ओट्याला टेकून हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं. पोळी तव्यावर जळत होती, ती उतरवायला मी वळले, आणि तव्यासमोर उभी असतानाच ते माझ्या डोक्यात शिरलं. मोटारीला मी हळद वाहिली होती. बटणाला हळद. झाकणाला फूल. अख्ख्या मशीनवर कुंकू एकाच ठिकाणी होतं.

गॅस बंद करून मी बाल्कनीत गेले. टिळा जागेवर नव्हता. तो फरफटला होता. पात्याच्या अलीकडून सुरू झालेला लाल पट्टा पात्यासमोरून पलीकडे गेला होता. एकदाच नव्हे; एकावर एक, पुसट होत गेलेले कितीतरी पट्टे.

‘जरा इकडे या,’ मी म्हटलं.

हे आले. अजून हसतच होते. मी काही बोलले नाही, फक्त कुंपणाकडे बोट दाखवलं. ह्यांनी चष्मा खाली ओढला. ड्रॉइंगवाला माणूस, रेघ कुठून कुठे गेली हे त्यांना सांगावं लागत नाही. ह्यांनी आपला अंगठा पाहिला, मग तो पट्टा पाहिला, मग पातं आणि कुंपण यांच्यातली ती फट पाहिली. मग हळूच अंगठा त्या फटीत धरून पाहिला. जेमतेम मावत होता. एका बाजूने कुंपणाला घासत, दुसऱ्या बाजूने दात्यांना जवळजवळ चिकटून.

‘मी हात मागे ठेवला होता,’ हे म्हणाले. ‘फळीच्या टोकाला. मी पुढे नेलाच नाही.’

मी रोखलेलं बोट खाली घेतलं नाही.

‘अगं, खरंच मागे होता.’

आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘मला कळलंच नाही.’

चहाच्या पेल्यापासून मी ह्याच तीन शब्दांची वाट बघत होते. ते मिळाले तेव्हा मला ओरडायचं होतं. सांगायचं होतं की मी तेव्हाच म्हटलं होतं, फोड आले त्या दिवशीच. पण ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी ह्यांना चिडलेलं पाहिलंय, खचलेलं पाहिलंय, घाबरलेलं पाहिलं नव्हतं. रक्त असतं तर आम्ही निदान रिक्षा करून दवाखान्यात पळालो असतो, काहीतरी करत राहिलो असतो. इथे करायला काहीच नव्हतं. आम्ही दोघं त्या लाल पट्ट्यासमोर उभे राहिलो. आतापर्यंत घरात एकटी मी घाबरत होते. तेव्हापासून दोघं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावला, टाचणी लावली. ‘कुठे लागतंय?’ हे बऱ्याचदा गप्प राहिले. मी समोर बसून ती टाचणी बघत होते आणि माझीच बोटं आवळत होते. औषधं वाढली. जे गेलं ते परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

काही दिवस बाल्कनीचं दार बंद होतं. मग एका दुपारी ह्यांनी मला हाक मारली. मशीनची पिन काढून ती टेबलावर, मला दिसेल अशी ठेवली होती. ‘कुंकू घेऊन ये,’ हे म्हणाले. ‘तेलात कालवून. त्याच जागी लाव.’

मी लावलं. मशीन बंद, पातं स्तब्ध. ह्यांनी एक मोकळी फळी कुंपणाला लावून पुढे सारली, अगदी सावकाश, डोळे हातावर ठेवून. अंगठा स्वच्छ. पुन्हा सारली. स्वच्छ. मग म्हणाले, ‘आता मी रेघेकडे बघतो, खरं काम करताना बघतो तसं.’ फळी पुढे गेली. अंगठा लाल. मग फळी ढकलायला एक खाच पाडलेली काठी केली होती, ती घेऊन पाहिलं. काही वेळ बरं चाललं, आणि मग काठीवरची मूठ कधी सैल होऊन पुढे घसरली ते त्यांना कळलं नाही, मला दिसलं. अंगठा पुन्हा लाल. ह्यांनी तो पंच्याला पुसला, स्टुलावर बसले, आणि कामट्यांच्या अर्ध्या जुडीकडे बघत राहिले.

‘सांगून टाकू ग्रुपवर,’ मी म्हटलं. ‘यंदा विकतचा आणा म्हणून.’

ह्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, समजलं नाही. मग उठले, ओल्या फडक्याने कुंपण लख्ख पुसलं, आणि स्वतः अनामिकेने नवा टिळा लावला. आमच्या घरात ह्यांनी कुणाला कुंकू लावलेलं मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. पिन उचलून सॉकेटमध्ये घातली.

‘अहो!’

‘मी नाही,’ हे म्हणाले आणि स्टूल बाजूला सारलं. ‘तू. तू ढकल.’

मी नाही म्हटलं. खूप वेळा म्हटलं. मला झुरळाची भीती वाटते, मी कुठली आरी चालवणार? हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘तुला भीती वाटते ना? म्हणूनच तू. तुझा हात पुढे जाणारच नाही.’ आणि थोडं थांबून, ‘तुझ्या बोटांना कळतं.’

मी पदर खोचला. बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. ह्यांनी मला कुठे उभं राहायचं, डावा हात कुठे, काठी कशी धरायची ते दाखवलं, आणि मी घाबरून पुन्हा विचारलं म्हणून पुन्हा दाखवलं. मशीन सुरू झालं. जमीन पायाखाली थरथरत होती. ती चकाकती रेघ माझ्या नाकासमोर होती. फळी पात्याला लागली तेव्हा तिचा झटका काठीतून माझ्या कोपरापर्यंत आला. मला सगळं कळत होतं: लाकडाची शीर, कुंपणाचा गुळगुळीतपणा, तळहाताचा घाम. इतकं कळत होतं की रडू येत होतं.

फळीच्या मध्यावर मी क्षणभर नजर वर केली. हे टेबलापलीकडे उभे होते, हात पाठीमागे घट्ट बांधून. चेहरा पांढरा पडला होता. डोळे माझ्या हातांवर, आणि ओठ हलत होते. आधी मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. मग लक्षात आलं, मोजतायत.

कामटी सुटून पलीकडे पडली. ह्यांनी मशीन बंद केलं. पातं थांबेपर्यंत दोघंही हललो नाही.

‘अंगठा दाखव,’ हे म्हणाले.

मी दाखवला. स्वच्छ होता. ह्यांनी चष्मा नाकावर सारून तो नखापासून मनगटापर्यंत पाहिला, उलटा करून पाहिला, आणि मग दुसरा हातही पुढे करायला सांगितला.